बाजारातला पांढरा पट्टा

मी शिकवते त्या शाळेत पोषण आहार शिजवणारी बाई आणि मी सात वर्षं एकाच रस्त्याने सायकलने जात होतो. ती पुढे, मी मागे. रस्ता तसा सोपा, फक्त बाजारातला तुकडा जीव खायचा. एकीकडून लोहखनिजाचे ट्रक, दुसरीकडे धानाचे ट्रॅक्टर, आणि कडेला मोटारसायकली. एका सकाळी ट्रॉलीचा कोपरा तिच्या हँडलला लागला. ती पडली, उजवं मनगट मोडलं.

मी अर्ज लिहिला, सायकलींसाठी वेगळा पट्टा आखून द्या म्हणून. शाळेतल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या, नगरपालिकेत कितीतरी खेपा घातल्या. पांढरा पट्टा आखला गेला तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. आठवड्यातच त्यावर मोटारसायकली लागल्या. मग पालिकेची गाडी येऊन त्या उचलायला लागली, आणि त्यांच्याबरोबर तिथे बसणाऱ्या भाजीवाल्याही उठवल्या. दुकानदार चिडले. शेवटी पालिकेने सभागृहात बैठक ठेवली.

"सायकल चालवते कोन आता?" एक कापडवाला म्हणाला. "चार पोरी अन् दोन मॅडम. त्याच्यासाठी आमचं गिऱ्हाईक काऊन तोडता?"

लोक हसले. मी उठून मनगटाची हकीकत सांगितली. बोलता बोलता आवाज चढला. सगळ्यांनी जवळच्या कामाला सायकल वापरली तर कोंडी राहील का, असंही विचारलं. मागून कोणी म्हणालं, "मॅडम, हे शाळेत शिकवा."

बाई शेजारीच बसली होती. हाताचं प्लास्टर नुकतंच निघालेलं. ती उभी राहिली तेव्हा मला हायसं वाटलं.

"मले पट्टा नाई पायजे," ती म्हणाली. "त्या भाजीवालीले उठवलं तर ते कुठी जाईन? शाळेच्या टायमाले तेवढे ट्रक गावाबाहेर थांबवा. बस."

मी अर्जाची प्रत घडी घालून पिशवीत ठेवली.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "बाई, मला आधी सांगायचं ना."

"तुमी इचारलं नाई, मॅडम. अन् माह्यासाठीच तं करून राह्यल्या होत्या. कसं सांगू?"

सह्या साऱ्या शाळेच्या घेतल्या होत्या, पण जिचा हात मोडला तिला काय हवं, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

तिचं म्हणणं मात्र मान्य झालं. सकाळ-संध्याकाळ गावाच्या वेशीवर एक माणूस लाल झेंडी घेऊन उभा राहायचा. पट्ट्यावर भाजीवाल्या परत आल्या. काही आठवडे आम्ही गप्पा मारत बाजारातून गेलो. मग एका सोमवारी तो माणूस दिसला नाही. त्याच्या नेमणुकीची मुदत संपली, असं पालिकेतून कळलं. मी पुन्हा अर्ज लिहिला. या वेळी आधी तिला वाचून दाखवला, तिने दोन वाक्यं बदलायला लावली. उत्तर आलं नाही. तिसऱ्या अर्जाचंही नाही.

आता बाजार लागला की आम्ही दोघी उतरतो आणि सायकली हातात धरून चालतो. सायकल ढकलताना तिचं मनगट दुखतं, म्हणून मध्ये थांबावं लागतं. ट्रक जाईपर्यंत उभं राहायचं, तोंडाला पदर लावायचा, पुन्हा चालायचं.

काल ती म्हणाली, "मॅडम, आनखी एकडाव लिहून पाहू काय?"

मी हो म्हणाले. कागद मात्र अजून काढलेला नाही.