ताणावरचं झाड

अकोटच्या एसटीत खिडकीतून संत्र्याच्या फुलांचा वास आला आणि मी मनानं थेट मामाच्या संत्र्याच्या बगीच्यात जाऊन पोचले. बाबा गेल्यानंतरचा तो हिवाळा होता. आई रडली नव्हती, बोलतही नव्हती, म्हणून तिला मामाकडे आणलं होतं. कोवळ्या उन्हात ती झाडाखाली बसून राहायची, पिवळी पानं तिच्या पदरावर गळायची, आणि मी सारखी मागे लागायचे, "काहीतरी बोल ना." झाडं अशी सुकलेली बघवेनात, म्हणून एका दुपारी मी एका झाडाला बादल्या भरभरून पाणी घातलं. मामानं धावत येऊन बादली हिसकली. "काहून पानी टाकून राहिली वं? बहारासाठी पानी तोडून तानावर सोडलं हाय ते! आता पानी देशीन तं नुसता पाला फुटन, फूल नाही येनार." त्यानंतर मी आईला काही विचारलं नाही, नुसती शेजारी बसायचे. पुढे मामानं पाणी सोडलं आणि पंधरा-वीस दिवसांत सगळा बगीचा पांढरा झाला, हवा वासानं जड झाली. फक्त माझं झाड हिरवंगार, बिनफुलाचं उभं होतं. आईनं त्याच्याकडे बोट दाखवलं. "हे तुयं झाड," म्हणाली, हसली, आणि हसता हसता ढसाढसा रडली. यंदा आईही गेली. माझे कोरडे डोळे बघून भेटायला येणाऱ्या बायका म्हणतात, "रडून घे वं माय." मामा आज असता, तर त्यानं त्यांच्या हातातली बादली काढून घेतली असती.