चूक सांग

कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारा वेल्डर आमच्या युनियनच्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर रोज खोकी काढतो. त्याला डिझाइन विभागाच्या परीक्षेत पास व्हायचंय.

"मस्त जमलंय," मी म्हणालो.

"मस्त नको राव, चूक सांग."

मला दिसेना. त्याने कागद थेट पुढच्या सीटवरच्या सुपरवायझरपुढे धरला. मागच्या बाजूला त्या सुपरवायझरविरुद्धचंच पत्रक!

"मागची कड पुढच्याएवढीच काढलीस. लांबची आखूड दिसते," सुपरवायझर गुरगुरला.

"आपल्याकडं कडा सारख्या नसल्या तर माल रिजेक्ट होतो ना, साहेब. हात तसाच वळतो."

चाकण येईपर्यंत त्याने पुन्हा वीस खोकी काढली आणि उतरताना परत सुपरवायझरपुढे उभा राहिला. "आता बघा, साहेब."

त्या साहेबाशी मी भांडू शकतो. असं उभं राहणं मला जमलेलं नाही.