आईच्या कुरडयांची रील

मंडळी, आज दुपारपासून स्वतःचीच चीड येतेय, म्हणून लिहितोय.

मागच्या आठवड्यात इथं चिखलीच्या घरी आईचा कुरडया करतानाचा तासाभराचा व्हिडिओ काढला. "माह्यं बोलणं कोन ऐकते रे?" म्हणून ती लाजत होती. मीच तिला तयार केलं. पळीनं चीक हाटत ती म्हणाली होती, "पळी उभी राह्यली का चीक झाला. मंग उतरव त्याले."

काल तो व्हिडिओ एआयला दिला आणि प्रॉम्प्ट लिहिला: "एका मिनिटाची रील कर. गावंढळ शब्द काढ, शुद्ध मराठीत सांग." मशीननं निमूट ऐकलं. चित्रं नवी, बाईचा आवाजही नवा.

आज जेवणं झाल्यावर आईला रील दाखवली. गुळगुळीत आवाज आला, "पळी उभी राहिली की चीक शिजला असे समजावे."

आई हरखलीच. "पाह्य, इले बी पळीचं माहीत हाय! शिकेल-सवरेल बाई दिसते. बोलते किती साजरं!"

हे तुझंच बोलणं आहे, असं सांगायला माझी जीभ रेटली नाही.

मग म्हणाली, "पुढच्या वक्ती इलेच बोलू दे. मी निस्ते हात दाखवीन."

पुण्यात कॉलेजची पोरं माझ्या 'मले-तुले'ला हसायची, तेव्हा मी भांडायचो. आणि घरात आईचं तोंड मीच बंद केलं.

तिला परत बोलतं करेल असा प्रॉम्प्ट आहे का कोणाकडे?