जर्मन कंपनीचा लॅपटॉप

नोकरीतल्या बऱ्याच फिर्यादी आता विसरलो, पण निवृत्तीच्या आदल्या वर्षी पनवेलला घेतलेली एक फिर्याद अजून शब्दासकट डोक्यात आहे.

दुपारचे दोन वाजले होते. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर तिशी ओलांडलेला एक मुलगा उभा होता. नीटनेटका, पण चेहरा पार उतरलेला. त्याचा लॅपटॉप घरातून चोरीला गेला होता. लॅपटॉप कंपनीचा, आणि कंपनी जर्मनीत. हा नवीन पनवेलमधल्या फ्लॅटमध्ये बसून त्यांचं काम करायचा. तिकडे सकाळ झाली की इथे दुपारी एकला याची ड्युटी सुरू व्हायची आणि रात्री नऊला संपायची.

"साहेब, मशीनची किंमत सोडा," तो म्हणाला. "आत त्यांच्या ग्राहकांची माहिती आहे. त्यांनी तिकडून ते लॉक केलंय, पण पोलीस रिपोर्ट आजच मागितलाय. माझी नोकरी राहील का नाही, सांगता येत नाही."

फिर्याद घेतली. घरात माणसं दोनच, तो आणि त्याचे वडील. आई वारलेली. वडील उरणजवळच्या करंज्याचे कोळी. आयुष्य बोटीवर काढलेलं. तीन वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हा मुलाने त्यांना पनवेलला आणलं होतं. सकाळी साडेदहाला मुलगा भाजी आणायला आणि बँकेच्या कामाला बाहेर पडला, बाराला परतला. मधल्या वेळात घरात वडील आणि कामवाली बाई.

मी महिला हवालदारांना घेऊन पंचनाम्याला गेलो. कडीकोयंडा शाबूत. कपाटं जागच्या जागी. टेबलावर फक्त चार्जरची वायर लोंबत होती. वडील बाल्कनीत मासे ठेवायच्या जुन्या बर्फाच्या पेटीवर बसले होते. म्हणाले, "मी हितंच होतो. दार उघडंच व्हतं. कोनतरी आला असंल." बोलताना ते माझ्याकडे नाही, खालच्या रस्त्याकडे बघत होते. म्हाताऱ्या माणसाला पोलीस घरात आल्याचं दडपण येतं, असं मी धरलं. ती माझी पहिली चूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "माझं नाव नको साहेब. पण काल त्या कामवाल्या बाईच्या हातात जाताना मोठी पिशवी होती. येताना नव्हती." सोसायटीचं सीसीटीव्ही पाहिलं. अकरा वीसला बाई गेटमधून बाहेर पडताना दिसली. पिशवी जड होती, एका बाजूला वाकून चालत होती.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरीच जायचं असतं. बाई पनवेलजवळच्या नेरे गावात राहायची. जीप दारात थांबली तशी शेजारपाजारची माणसं ओट्यावर आली. ती तांदूळ निवडत होती. आम्हाला पाहून तिने सूप खाली ठेवलं आणि उभी राहिली.

"पिशवीत काय होतं?" मी विचारलं.

ती गप्प. हवालदार बाईंनी समजावलं, मग मी जरा आवाज चढवला. शेवटी आत गेली आणि पिशवी आणून माझ्यासमोर पालथी केली. सहा साड्या निघाल्या. घडी मोडलेली नाही, मध्ये डांबरगोळ्या तशाच.

"आजोबांनी दिल्यात," ती म्हणाली. "त्यांच्या बायकोच्या हायत. म्हणाले, आता घर बंद व्हनार, हितं पडून काय करायच्या? तू नेस. पोराला सांगू नको म्हणाले. मी शब्द दिलता, म्हणून बोलले नाय."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज स्थिर होता. खोटं बोलणारा माणूस सहसा एका प्रश्नाला तीन उत्तरं देतो. हिने एकच दिलं होतं, तेही दिलेला शब्द मोडायला लागल्याच्या दुःखाने.

परतताना माझ्या डोक्यात एकच वाक्य घोळत होतं. घर बंद होणार. मुलगा तर घर सोडण्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. मग म्हाताऱ्याला हे कोणी सांगितलं? आणि लॅपटॉप गेला त्याच सकाळी त्याने बायकोच्या साड्या का वाटून टाकल्या?

तसाच फ्लॅटवर गेलो. वडील कालच्यासारखेच पेटीवर बसलेले. मी शेजारी खुर्ची घेतली. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काका, त्या बाईच्या घरी जाऊन आलो. सगळ्या गावासमोर तिची पिशवी बघितली."

त्यांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "तिला कशाला तरास दिला? तिनं काय केलंय?"

"मग कोणी केलंय?"

ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि पेटीचं झाकण उघडलं. वर जुनी जाळी होती. ती बाजूला केल्यावर खाली प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून, सुतळीने बांधलेला लॅपटॉप निघाला.

"पाणी लागू दिलं नाय," ते म्हणाले.

"पण का, काका?"

"तीन वेला त्याला तिकडं बोलावलं, साहेब. मित्राला फोनवर सांगत व्हता, मी ऐकलं. दर वेला हा नाय म्हनतो. मला इंग्रजी कळत नाय, पन फादर एवढं कळतं. फादर, फादर करतो आनि नाय म्हनतो. म्हटलं, मशीनच नसलं तर हितं बसून काम कसं करंल? मग बोलावतील त्याला तिकडं."

मुलगा दारात येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"बाबा, तुम्हाला इथे एकटं टाकून जाऊ?"

"एकटा तर मी हितं हाय," म्हातारा म्हणाला. आवाजात राग नव्हता. "करंज्याला भाऊ हाय, पुतने हायत, बसायला बंदर हाय. हितं तू दार लावून आत बोलतोस, मी टीवीचा आवाज बंद करून चित्रं बघतो. तीन वर्सं."

"मग बोललात का नाही?"

"तू माझ्यापायी रायलास. कुठल्या तोंडानं सांगू, मला करमत नाय?"

मुलगा बापाच्या पायाशी खाली बसला. वडिलांनी त्याच्या केसांत हात घातला. हवालदार बाई स्वयंपाकघरात पाणी आणायला गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मी रस्त्याकडे बघत बसलो.

कागदोपत्री काम सोपं होतं. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून न्यायालयात 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करायचा अहवाल, पाठवला. मुलाने कंपनीला काहीही न लपवता खरं ते कळवलं. त्याची साहेब एक बाई होती. तिने उलट एवढंच विचारलं, वडील आता बरे आहेत ना?

एक काम मात्र कागदावर नव्हतं. बापलेक माफी मागायला त्या बाईच्या घरी निघाले तेव्हा मीही गेलो. साध्या कपड्यांत जाता आलं असतं, पण वर्दीत गेलो आणि जीप त्याच जागी थांबवली. ज्यांनी पोलीस येताना पाहिले, त्यांनी पोलिसाला हात जोडतानाही पाहायला हवं होतं. तिने आम्हाला चहा दिला. साड्या परत करते म्हणाली. म्हाताऱ्याने मान हलवली. "तुलाच दिल्यात."

चार महिन्यांनी वडील करंज्याला परतले आणि मुलगा जर्मनीला गेला. एकदा तिथून त्याचा फोन आला, "उरणकडे गेलात तर बाबांना बघाल का?" मी मुद्दाम गेलो. म्हातारा बंदरावर सहा-सात जणांत बसून कोणाशी तरी मोठमोठ्याने वाद घालत होता. फ्लॅटमध्ये मी त्यांचा एवढा आवाज कधी ऐकला नव्हता.

आमच्या जबाबाच्या कागदावर नाव, वय, धंदा, पत्ता, घटनेच्या वेळी कुठे होता, सगळं विचारतात. पस्तीस वर्षं मी तेच विचारत आलो. त्या दोघांनी एकमेकांसाठी एवढं सोसलं, पण तुला काय हवं, एवढं एकाने दुसऱ्याला विचारलं नव्हतं. लांबच्या कंपनीशी रोज आठ तास बोलणारा मुलगा, आणि भिंतीपलीकडे बाप.

बंदरावरून परतलो त्या दिवशी घरी जेवताना मी ताटावर थोडा थांबलो. निवृत्तीनंतर साताऱ्याला, माझ्या गावी राहायचं, हे मी कधीच ठरवून टाकलं होतं. घराची डागडुजीही सुरू केली होती. बायकोला म्हटलं, "तुला कुठं राहायला आवडेल?"

तिने आमटीचा डाव पातेल्यात ठेवला. "खरं सांगू?" म्हणाली. "माझ्या सगळ्या मैत्रिणी इथंच आहेत हो."

आम्ही पनवेललाच राहिलो.