रेकॉर्डवाल्या काकांचं गोड बोलणं

मी अमरावतीकडची. कंपन्यांना तेव्हा माणसं हवी होती आणि आमच्या कॉलेजातली अर्धी बॅच एकामागोमाग एक पुण्यात येऊन आदळली. आठवडाभर कंपनीच्या बसने जायचं, काचेच्या इमारतीत बसून कुठल्यातरी परदेशी विमा कंपनीच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या आणि त्याच बसने परत यायचं. शनिवार-रविवार मोकळे. खोलीवरच्या मुली कॅम्पात कपडे बघायला जायच्या. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले, कंटाळले आणि शेजारच्या गल्लीतल्या रेकॉर्डच्या दुकानात शिरले. तिथून मी बिघडले ती बिघडलेच.

दुसऱ्या पगारात जुन्या बाजारातून रेकॉर्ड प्लेअर उचलला. घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "काऊन वं, पुण्यात टेप नाही भेटत का?" टेप भेटत होते, सीडी भेटत होत्या, फुटपाथवर एका चकतीत शंभर गाणी भेटत होती. पण मला रेकॉर्डच हवी होती. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. खरं सांगायचं तर सुरुवातीला थोडा आगाऊपणाच होता. ऑफिसात कुणाकडे नाही ते आपल्याकडे आहे, एवढंच.

मग दर शनिवारी शहर पालथं घालणं सुरू झालं. कॅम्पातल्या दुकानात इंग्रजी रेकॉर्ड प्लास्टिकच्या पिशव्यांत असायच्या आणि मालक आपल्या हातांकडे बघत राहायचा. लक्ष्मी रस्त्यावर एकाने पुढे आरत्या आणि गरब्याच्या सीडी लावल्या होत्या. रेकॉर्ड विचारल्या की तो "त्या होय?" म्हणून जिन्याखाली बोट दाखवायचा, जणू मी संडास विचारलाय. जुन्या बाजारात नट-बोल्टचे पाने आणि पितळी नळांच्या मधोमध, उन्हाने पापडासारख्या वाकलेल्या रेकॉर्ड पडलेल्या असायच्या. मांजरी गावात एक लाऊडस्पीकरवाला होता. त्याच्या भावकीने उसाची जमीन बिल्डरला दिली होती आणि लग्नांत आता डीजे वाजत होते. "हाय की माल," तो म्हणाला, "पन लय घासल्यात. वराती काढल्यात त्यांनी." त्या खरखरत्या रेकॉर्ड मी हडपसरपर्यंत टमटममधून मांडीवर घेऊन आले.

नारायण पेठेतलं दुकान मात्र सगळ्यांत शेवटी सापडलं. एका बोळात, दोन पायऱ्या उतरून, खिडकी नसलेली लांबट खोली. भिंतींना छतापर्यंत रेकॉर्ड, मधे एक बाक, दोन स्टुलं आणि पलीकडे साठीपुढचे एक सडपातळ गृहस्थ. दारातून मी विचारलं, "काका, इथे रेकॉर्ड मिळतात का?"

चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "नाही. आम्ही यांत जेवतो."

मी आत गेले. थोड्या वेळाने त्यांनी काय हवंय म्हणून विचारलं. माझ्या तोंडून सवयीने गावाकडचं निघून गेलं, "काही नाही, पाहून राहिले."

"राहायला इथे जागा नाही. पाहा आणि जा."

मला इतका राग आला की मी पुढच्या शनिवारी पुन्हा गेले.

काकांचा एक नियम होता. रेकॉर्ड घ्यायची तर आधी तिची एक बाजू दुकानात बसून पूर्ण ऐकायची. मधे बोलायचं नाही, उठायचं नाही. "घरी नेऊन तुम्ही तिचं काय करणार, देव जाणे. एकदा तरी ती नीट वाजली एवढं समाधान मला हवं." या हिशेबाने दिवसात किती खपणार? पण त्यामुळे दुकानात बैठक जमायची. शनिवारी आम्ही तिघं ठरलेले असायचो: गणित शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर, पिंपरीच्या कारखान्यातले एक फिटर आणि मी. मास्तरांना नाट्यसंगीत हवं असायचं, फिटरना लावण्या आणि मला जे निघेल ते.

बाकीचा वेळ काका गिऱ्हाइकांना फाडून खात. कुणी विचारलं, "नवीन काय आलंय?" तर, "जुन्या वस्तूंचं दुकान आहे. नवीन आलं तर परत पाठवतो." कुणी म्हणालं, "काही कमी होईल का?" तर, "होईल ना. तुम्ही निघालात की गर्दी." मला ते 'कॉम्प्युटर' म्हणत. "काय कॉम्प्युटर, आज बंद पडलात वाटतं?" आम्ही ते टोमणे आठवडाभर पुरवून पुरवून खायचो. एखाद्या शनिवारी त्यांनी कुणाला काही सुनावलं नाही तर मास्तर काळजीने विचारत, "काय हो, बरं वाटत नाही का?"

आणि बरं वाटत नसायचंच. काकांना दमा होता. आमच्यापैकी कुणीतरी वरच्या फळीवरचा गठ्ठा मागायचं, ते स्टुलावर चढून तो ओढायचे आणि धुळीचा लोट खाली यायचा. मग ते फळीला धरून खोकत राहायचे. आम्ही तिघं सवयीने गप्प बसायचो. खोकला थांबला की सुई ठेवायला सांगायचो. हे आज लिहिताना माझी मान खाली जाते, पण तेव्हा आम्हाला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. उलट काकांवर आमचा फार जीव आहे असंच आम्ही समजत होतो.

एका शनिवारी मी बोळातून बाहेर पडले तर एक बाई माझ्यासाठी थांबल्या होत्या. काकांची मुलगी. तिला दुकानात एक-दोनदा डबा देताना पाहिलं होतं. वारज्याला राहायची, शाळेत शिकवायची. "दोन मिनिटं बोलायचंय," ती म्हणाली. "बाबांना कळू न देता." आम्ही कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये बसलो.

"डॉक्टरांनी सांगून झालं, माझं सांगून झालं," ती म्हणाली. "त्या खोलीत आणखी एक-दोन वर्षं काढली तर फुप्फुसं साथ देणार नाहीत. मी म्हणते, वारज्याला चला. स्वतंत्र खोली आहे, गॅलरी आहे. तर म्हणतात, शनिवारी मंडळी येतात, त्यांना काय सांगू?"

आमचा चहा आला.

"तुम्ही येऊ नका," ती म्हणाली. "एवढंच मागायला आलेय."

"एकदम बंद?"

"एकदम. आणि कारण सांगू नका. मी तुम्हाला थांबवलं हे कळलं तर ते जन्मात माझ्या घरी पाऊल ठेवणार नाहीत. ओळखता ना तुम्ही त्यांना?"

"ताई, पण त्यांना काय वाटेल?"

"वाईट वाटेल," ती म्हणाली. "पण जिवंत तरी राहतील."

"नाही येणार," मी म्हणाले. तिने डोळ्यांतून पाणी काढलं असतं तर कदाचित मी वाद घातला असता. तिने चहाचे पैसे दिले, भाजीची पिशवी उचलली आणि वडलांकडे गेली. मी शब्द देऊन बसले होते.

पुढचा शनिवार मी कॅम्पात घालवला. त्याच्या पुढचाही. पेठेत काम निघालं तर केळकर रस्त्याने लांबून वळसा घालायचे, उधारी बुडवलेल्या माणसासारखी. एका रविवारी जुन्या बाजारात फिटर दिसले. शनिवारी मांडीवर वही ठेवून लावण्यांचे शब्द उतरवणारा हा माणूस एका मोडक्या मिक्सरकडे एकाग्र होऊन बघत होता. माझी चाहूल लागली तरी त्यांनी मान वर केली नाही.

"तुमालाबी सांगितलं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मास्तरांनाबी. म्या इचारलं."

मग आम्ही दोघंही त्या मिक्सरकडे बघत उभे राहिलो. म्हणजे बैठक पूर्ण मोडली होती. मला वाटत होतं की मी नसले तरी ते दोघं असतील. त्या दोघांनाही तसंच वाटलं असणार.

दिवाळीच्या थोडं आधी मला राहवलं नाही. लांबून बघू आणि परत फिरू, असं ठरवून गेले आणि पायऱ्यांशी पोचले तेव्हा काकांनी पाहिलं. मी मनाची तयारी केली. एवढ्या दिवसांचं साचलेलं आता एकदम अंगावर येणार होतं, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं.

"या, या!" काका उठून म्हणाले. "अहो, किती दिवसांनी! बसा ना आपण. चहा सांगू?"

मला वाटलं, ही टोमण्याची सुरुवात असेल. पुढचं काही आलंच नाही. त्यांनी फडक्याने स्टूल पुसून माझ्यापुढे ठेवलं. दुकानात एक तरुण जोडपं होतं. त्यातल्या मुलाने किंमत कमी होईल का म्हणून विचारलं. काका म्हणाले, "आपण म्हणाल ते द्या." मुलीने रेकॉर्ड ऐकून घ्यायची का असं विचारलं, बहुतेक कुणीतरी तिला नियम सांगितला असावा. "छे छे, घाई असेल आपल्याला. घरी निवांत ऐका." आणि त्यांनी ती रेकॉर्ड न वाजवता कागदात गुंडाळून दिली.

मी पाहुण्यासारखी बसले होते. "काका, बरं नाही का?" मी विचारलं.

"उत्तम आहे. आपली कृपा."

आपली कृपा! हा माणूस साक्षात देवालाही असं म्हणाला नसता. आणि मग मला कळलं. आम्ही तिघं कुठलंही कारण न देता एकाच वेळी यायचे थांबलो होतो. एकटं बसून त्यांनी कारण शोधलं होतं आणि ते त्यांना स्वतःच्या जिभेवर सापडलं होतं. या वयात, हा माणूस गोड बोलायला शिकत होता. आम्ही परत यावं म्हणून.

मला त्या क्षणी सगळं सांगून टाकायचं होतं. काका, तुमचं काही चुकलं नाही, शिव्या घाला आम्हाला. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात त्यांना खोकला आला. फळीला धरून ते वाकले आणि पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळ वाकलेलेच राहिले. या वेळी मी गप्प बसले नाही, पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. पाठीची हाडं हाताला लागली. सांगितलं तर हे इथेच राहणार, असं माझ्या मनात आलं. चहा आला, मी तो प्यायले आणि ऑफिसात फार काम आहे असं काहीतरी पुटपुटून निघाले. "सवडीने या," ते म्हणाले. तेही गोडच.

नवीन वर्ष लागल्यावर दुकान बंद झालं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने सगळा माल टेम्पोत भरून नेला, असं फिटरकडून कळलं. त्या खोलीत मोबाइलची कव्हरं आणि रिचार्ज मिळायला लागलं. बोळातली गर्दी वाढली.

उन्हाळ्यात काकांच्या मुलीचा फोन आला. "बाबा आठवण काढतात. आता या तुम्ही, आता काहीच हरकत नाही." तिचा आवाज मोकळा होता. मी वारज्याला गेले. नव्या इमारतीत चौथा मजला, गॅलरीतून टेकडी दिसत होती. काका मला ओळखूच येईनात, इतके छान दिसत होते. अंग भरलं होतं, गालांवर रंग आला होता. रोज सकाळी टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालून येत होते. पूर्ण वेळात एकदाही खोकले नाहीत. मुलीचं काही चुकलं नव्हतं आणि तेच मला जड जात होतं. ती चुकली असती तर मी तिच्यावर चिडून मोकळी झाले असते.

कपाटावर सीडी प्लेअर होता. ताईने आणलेला, वर क्रोशाचा रुमाल घातलेला. "आवडतो का काका?" मी विचारलं.

"उत्तम आहे. खरखर अजिबात नाही."

जावई येऊन बसले, त्यांनी राजकारणावर काहीतरी अगदीच बावळट विधान केलं. मी काकांकडे बघितलं. ते हसून म्हणाले, "असेल, असेल." ताई पोह्यांच्या बशा गोळा करताना मला हळूच म्हणाली, "किती शांत झालेत ना? पूर्वी घरात कुणाला जवळ यायची सोय नव्हती." ती सुखात होती. मी मान डोलावली.

निघाले तेव्हा काका लिफ्टपर्यंत सोडायला आले. मागे दारात ताई बशा हातात घेऊन उभी होती.

"एक विचारायचं होतं," काका खालच्या आवाजात म्हणाले. "संकोच करू नका. तेव्हा मी आपल्याला काही लागेल असं बोललो होतो का? मी पुष्कळ आठवून बघितलं. नक्की कोणत्या शनिवारी, ते सापडत नाही."

मी त्यांच्या खांद्यावरून ताईकडे पाहिलं. तिने ऐकलं होतं. ती अगदी बारीकशी मान हलवत होती, नको, नको. मी "नाही" म्हटलं असतं तर त्यांनी पुढचं विचारलं असतं, मग का आला नाहीत? आणि त्या का-चं उत्तर त्यांच्या पाठीमागे बशा धरून उभं होतं.

"हो काका," मी म्हणाले. "थोडं लागलं होतं. पण मी ते तेव्हाच विसरले."

त्यांनी खोल श्वास घेतला. सरळ, स्वच्छ श्वास. "वाटलंच होतं मला," ते म्हणाले. "चुकलं माझं. मास्तरांनाही सांगा." आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. माझ्या वडलांपेक्षा मोठा माणूस. मी ते हात धरून खाली करायला हवे होते.

"असू दे काका," मी म्हणाले, आणि त्यांना माफ केलं.