सोनमचा घास

धरणाच्या फुगवट्यात गाव बुडालं, वरचा डोंगर तेवढा उरला. त्या डोंगराला आता ‘बेट’ म्हणतात आणि तिकीट लावून दाखवतात. दाखवा! पण तिथं कमलीबाईच्या लेकीचा, सोनमचा दगड उभा आहे, हे कुठल्या पाटीवर लिहाल?

चूक म्हणाल तर घरच्यांचीच. तळोद्याजवळच्या वसाहतीत येताना त्यांनी दारं आणली, वासे आणले, कोंबड्यासुद्धा आणल्या. मेलेल्यांचे दगड मात्र डोंगरावरच ठेवले. "एवढ्या उंचावर कुठलं यायला पाणी?" म्हातारे म्हणाले. खरंच नाही आलं. चारी बाजूंनी मात्र आलं.

नवाईचा रिवाज साधा आहे. नवं धान्य आधी मेलेल्यांना, मग आपल्याला. दर नवाईला कमलीबाई सोनमच्या नावाचं कणीस ओसरीवर ठेवी. आणि दर नवाईला सात वर्षांची सोनम दाराशी येऊन उभी राही. केस ओले, ओठ सुकलेले. आत येत नसे. घास पोचतच नव्हता.

यंदा कमलीबाईने दोन कणसं पदरात बांधली, पुतण्या डोंगरसिंगला सोबत घेतलं आणि धक्का गाठला.

धक्क्यावर दोन बोटी. नवी बोट बेटाला नुसती फेरी मारून परतणारी. दुसरी जुनीच, पण निळा रंग फासून सजवलेली. ती बेटावर तासभर थांबायची. इंजिनाची धाप ऐकूनच कमलीबाईने ओळखलं. ही तर दवाखान्याची बोट! अर्धं गाव बुडालं होतं तेव्हा तापलेल्या सोनमला हिच्यातूनच नेलं होतं. भर पाण्यात, बाकावर, आईच्या मांडीवर पोर गेली.

"काकी, नवीत बस. लांबूनच हात जोड."

"लांबून जेवतं का रे कुणी?"

तिकीटवाला चुनीलाल धानोऱ्याचा, बोली अहिराणी, ‘आहे’ला ‘शे’ म्हणणारी. "बस ना मावशी, घाबरू नको. पत्रा नवा शे, छत नवं शे."

"आणि बाक?"

"बाक जुनाच शे. सागवान शे, कोन फेकी?"

कमलीबाई चढली, पण त्या बाकापासून दूर, दुसऱ्या टोकाला बसली. बोट गच्च भरली. फोटो काढत एक बाई त्या बाकावर टेकली आणि चटकन उठली. "शी, इथं ओलं आहे!" पाऊस तर आठवडाभर नव्हता.

बेटावर दगड सापडला. शेवाळलेला, पण सरळ उभा. कमलीबाईने कणीस सोललं, आणि हात थांबला. या दगडाखाली पोरीचं अंग आणलं होतं. पोर कुठं आली होती? ती तर बोटीतच राहिली, आईने उतर म्हणायची वाट बघत. दाराशी यायची ती हेच सांगायला. इतकी वर्षं!

परतताना कमलीबाई त्या ओल्या बाकावर जाऊन बसली. दाणे सोडवले, शेजारी ठेवले. पाण्याकडे तोंड केलं. मागं वळून पाहिलं नाही. जेवणाऱ्याकडे बघू नये.

धक्का आला. सगळे उतरून गेल्यावर ती उतरली आणि बोटीकडे हात पुढे केला.

"उतर गं. पाय जपून."

चुनीलालने मागं पाहिलं. "कोनले म्हनी ऱ्हायनी, मावशी? बोटमा तर कोनीच नई."

जीपमध्ये डोंगरसिंगला सरकायला लावून तिने मध्ये जागा ठेवली. मग पदरातलं दुसरं कणीस काढून, यंदाचा पहिला घास घेतला.