ओमाचे पिवळे काटे

गेल्या रविवारपर्यंत ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, आईला नाही. आईला तर कशी सांगणार — तिने शिकवलेलं कामच मी जीव ओतून केलं आणि त्यातूनच हे सगळं झालं. तुम्हाला सांगते आहे, पण एकदम नाही जमणार. जरा वळसा घालून येते.

मी जिंतूरची. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिली. एनस्खेडे या डच गावातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला तेव्हा आमचे गुरुजी भिंग घेऊन घरी आले होते, नकाशात ते गाव शोधायला. तिथे मला खोली मिळाली ती ट्रूस नावाच्या एका आजींच्या घरात. वय अठ्ठ्याहत्तर. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, मला नुसतं ट्रूस म्हण. आता सांगा, आजीच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारायची? माझी जीभच वळेना. शेवटी त्यांच्या नातवंडांसारखं मीही 'ओमा' म्हणू लागले. ओमा म्हणजे इकडची आजी. आणि आजीला कुणी अहो-जाहो करतं का?

ओमाने मला सायकल शिकवली. मागचं कॅरिअर धरून ती माझ्यामागे पळाली आहे — खरंच पळाली आहे! माझा प्रबंध मंजूर झाला तेव्हा तिने खिडकीत माझा फोटो लावला. असं घर मला परक्या देशात मिळालं. मग त्या घरासाठी काहीतरी करावं, असं वाटणारच ना?

तर, काटे-चमचे. ओमाच्या लग्नातले — मखमली पेटीत बारा काटे, बारा चमचे. फक्त सणावाराला निघायचे. एका नाताळाच्या आधी मी पेटी उघडली तर सगळे काळवंडलेले. ओमा केस कापायला गेली होती. म्हटलं, ती येईपर्यंत लखलखीत करून ठेवू.

आमच्याकडे भांडी कशी घासतात, तुम्हाला माहीत आहे. आशियाई दुकानातून आणलेली चिंच होती. बैठकीतल्या लाकडाच्या शेगडीत राख होती. तारेची घासणी होती. मी बाह्या वर केल्या आणि बसले. गाणी म्हणत घासत होते. पहिल्या काट्याचा काळा थर गेला, मग पांढरा झाला, आणि आणखी जोर लावला तर खालून पिवळा रंग डोकावला. काय आनंद झाला मला! पिवळं निघालं म्हणजे भांडं स्वच्छ झालं — लहानपणापासून आई हेच सांगत आली. पितळ पिवळंधमक होईपर्यंत हात थांबवायचा नाही. मी थांबले नाही. चोवीसच्या चोवीस पिवळे केले.

पेटीत ठेवताना वाढायचा मोठा डाव दिसला. तो घासायचा राहिला होता. काळ्या डागांखाली तो चांदीसारखा पांढरा होता.

तेव्हा समजलं. वर चांदीचा मुलामा होता, आणि तो मी राखेने खरवडून काढला होता.

ओमा आली तेव्हा सांगता आलं असतं. मी पेटी बंद करून कपाटात ठेवली. इथपर्यंत घाबरटपणा होता. पुढचं त्याहून वाईट आहे.

नाताळच्या जेवणाला ओमाचा मुलगा आणि सून मारिएल आले. पेटी उघडली. आत सगळे पिवळे. ओमा सुनेकडे वळली, "मारिएल! माझ्या वाढदिवसाला तू हे भांडी धुण्याच्या मशीनमध्ये घातलेस ना?"

मारिएलचे कान लाल झाले. "एकदाच घातले होते, आई. घाईत होते."

मग ओमाने मला विचारलं, "तू पेटी आवरलीस तेव्हा असेच होते का गं?"

मी म्हणाले, "हो."

एवढंच. एक शब्द. कशासाठी? घराबाहेर काढतील म्हणून? ओमाने मला कधीच काढलं नसतं, हे मला त्याही क्षणी माहीत होतं. मला फक्त तिची गुणी मुलगी राहायचं होतं.

नऊ वर्षं झाली. मी आता बेस्ट नावाच्या गावात राहते, चिपच्या कारखान्यात नोकरी करते. दर नाताळला आम्ही एनस्खेडेला जातो, माझी लेक मारिएलच्या मांडीवर बसून डचमध्ये अखंड बडबडते. जेवण झालं की मारिएल ते पिवळे काटे कोमट पाण्यात, एकेक करून, हाताने धुते. कुणाला हात लावू देत नाही. नव्या पाहुण्यांना स्वतःच सांगते, "हा माझा प्रताप!" सगळे हसतात. मीही हसत आले.

गेल्या रविवारी ओमाने सगळ्यांना बोलावलं होतं. ती आता वृद्धांसाठीच्या छोट्या घरात जाते आहे, सामान वाटत होती. पेटी तिने माझ्या मांडीवर ठेवली. "ही तुला. मारिएलला दिली तर परत मशीनमध्ये घालेल."

पुन्हा सगळे हसले. मारिएल कपाट पुसत होती, तिचा हात मध्येच थांबला. तिला ती पेटी हवी होती. तिचा नवरा लहानपणी दर नाताळला त्याच चमच्यांनी जेवला होता.

मी सांगितलं. तिथेच, सगळ्यांसमोर. माझं डच अशा वेळी दगा देतं. चिंचेला शब्द सापडेना, मग हातानेच घासून दाखवलं.

"राख?" ओमा ओरडली. "माझ्या शेगडीतली?" आणि अशी हसत सुटली की तिला पाणी द्यावं लागलं. मुलगा हसला, मुलं हसली, माझा नवरा कपाळाला हात लावून हसला. मलाही हसू आलं, आणि डोळे वाहायला लागले. किती वर्षांनी त्या घरात मी मोकळी बसले होते!

मारिएल हसली नाही.

"नऊ वर्षं," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले.

तिने माझ्या मांडीवरची पेटी उचलली आणि बाहेर जाऊन आपल्या गाडीत ठेवली. परत येऊन तिने कॉफी ओतली. मलाही दिली. माझ्याकडे पाहिलं मात्र नाही. निघताना तिने माझ्या लेकीचे पापे घेतले.

मी तेव्हापासून आनंदात आहे, हे लपवत नाही. गाणी म्हणत स्वयंपाक करते आहे. पण हा आनंद माझा आहे, नऊ वर्षं तिची गेली. ते काटे मी घासले. विचारल्यावर 'हो' म्हणाले, तीही मीच.